गट फाकतोय? आधी पेलेट बदलून पाहा

१० मीटर एअर रायफलमध्ये पकड, श्वास, ट्रिगर सगळं नीट असूनही गट (टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका) फाकतो? स्वतःला बोल लावण्याआधी हे करा.

१. साइटचे (नेम धरायच्या भागाचे) स्क्रू हलतात का, ते बघा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

२. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचे (पुढच्या टोकाच्या व्यासाचे) पेलेट, म्हणजे एअर रायफलचे छर्रे, थोडे थोडे मिळवा. अख्खा डबा घेऊ नका, रेंजवर कुणाकडे तरी असतातच. मागची कड चेपलेले बाजूला काढा.

३. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक मापाचे १० शॉट वेगळ्या टार्गेटवर मारा. सगळ्यात लहान भोक पाडेल, ते माप तुमच्या बॅरलचं. मित्राच्या रायफलला वेगळंच चालेल.

पेलेट शिशाचे असतात; जेवणाआधी हात साबणाने धुवा.