पापणीवरचे पिवळे चट्टे आणि कोलेस्टेरॉलची गोळी: या चुका टाळा

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, चष्म्याची फ्रेम नाकावर टेकते त्याच्या जरा वर, पापणीवर पिवळसर, चपटा चट्टा उठतो. दुखत नाही, खाजत नाही, पण पावडरखालीही लपत नाही. हा झँथेलास्मा. कातडीतल्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉल असतं ते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळीचा गुण आरशात शोधणं. माझ्या मावशीचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं होतं, म्हणून डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली. तीन महिने तिने रोज रात्री नेमाने घेतली. चट्टे जसेच्या तसे! तिने परस्पर गोळी बंद केली आणि पुढच्या रिपोर्टमध्ये एलडीएल पुन्हा वर. गोळी लागू पडली होती, फक्त ते दिसत होतं रक्ताच्या तपासणीत. स्टॅटिनमुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं. कातडीत आधीच मुरलेलं निघेलच असं नाही. काहींचे चट्टे बऱ्याच महिन्यांनी फिके होतात, अनेकांचे होतच नाहीत. चट्टे काढायचेच असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लेसर, ॲसिडचा लेप किंवा छोटी शस्त्रक्रिया असते. त्यानंतरही ते परत येऊ शकतात, हे आधीच विचारून घ्या.

घरगुती उपाय म्हणून लसणाचा रस मात्र कृपा करून लावू नका. पापणीची कातडी फार पातळ असते, भाजते, आणि खाली डोळा आहे.

दुसऱ्या कुणाची गोळी घेणं हीसुद्धा चूकच. चट्टे असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय सोडूही नका. कोपनहेगनमध्ये 12,745 लोकांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली गेली. 2011 साली छापलेल्या त्या अभ्यासात, कोलेस्टेरॉल कितीही असो, असे चट्टे असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त दिसला. तेव्हा बीपी, शुगर, तंबाखू हे सगळं डॉक्टरांशी बोला. थायरॉईडही तपासा, ते मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं. एलडीएल 190 किंवा वर असेल तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या, हे घराण्यातून आलेलं असू शकतं.

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर स्टॅटिनबद्दल आधी डॉक्टरांना सांगा. गोळी चालू असताना अंग खूप दुखायला लागलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.