हौशी गोल्फरने प्रो कधी व्हावं, कसं व्हावं

हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) शून्यावर आला की क्लबातली मंडळी म्हणायला लागतात, "आता प्रो, म्हणजे व्यावसायिक, हो!" घाई करू नका. हँडिकॅप शेवटच्या 20 राउंडपैकी सर्वांत चांगल्या 8 राउंडवरून निघतो. बाकीच्या 12 राउंडमधली पडझड त्यात दिसतच नाही. त्यामुळे स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, खेळाडूची खरी सरासरी कोर्स रेटिंगच्या (त्या कोर्सवर स्क्रॅच खेळाडूकडून अपेक्षित स्कोअरच्या) दोन-तीन फटके वरच असते. टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, सातत्याने कमावणारे खेळाडू साधारण प्लस चार-पाचचे, म्हणजे शून्याहूनही चार-पाच फटके सरस, असतात. चार राउंडच्या स्पर्धेत हा फरक सोळा ते वीस फटक्यांचा होतो.

म्हणून स्वतःचा हिशेब वेगळा मांडा. घरच्या कोर्सवरचे स्कोअर बाजूला ठेवा. परक्या कोर्सवर, मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या सर्वांत लांबच्या जागेवरून), शक्यतो स्पर्धेत खेळलेले 20 राउंड घ्या. प्रत्येक राउंडच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करा, 113 ने गुणा आणि स्लोपने (कोर्स सामान्य खेळाडूला किती अवघड, ते सांगणाऱ्या आकड्याने) भागा. स्कोअर 74, रेटिंग 71.2, स्लोप 128 असेल तर उत्तर येतं 2.5. आता निवडक आठांची नाही, विसांच्या विसांची सरासरी काढा. ती शून्याच्या खाली स्थिरावली की क्यू-स्कूलचा (टूरवर प्रवेश देणाऱ्या पात्रता स्पर्धेचा) विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सरासरी बिघडते ती बहुतेक वेळा छोट्या पुटवर (होलजवळच्या हिरवळीवरच्या हलक्या फटक्यावर). मित्रमंडळीत चार फुटांचा पुट "गिमी" म्हणून, म्हणजे न खेळताच गेला असं धरून, सुटतो, त्यामुळे दडपणाखाली तो घालायची सवयच लागत नाही. पीजीए टूरचे खेळाडू तीन फुटांवरून शंभरात 96, चारवरून 88, पाचवरून 77 पुट घालतात. आठ फुटांवरून निम्मेच. तेव्हा आठ फुटांचा चुकला तर हळहळू नका, चार फुटांचा मात्र रोज घोटा. होलभोवती चारही दिशांनी टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) रोवा आणि चारही उतारांवरून खेळा. एक चुकला की मोजणी पहिल्यापासून.

दुसरी अडचण परक्या मैदानाची. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सवर वाढलेला खेळाडू दिल्ली गोल्फ क्लबवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढतो आणि चेंडू थेट झुडपात घालवतो. तिथे अनेक प्रो टीवरून आयर्नच (कमी अंतराचा, पण जास्त अचूक क्लब) मारतात. सरावाच्या राउंडमध्ये स्कोअर ठेवू नका; कुठे चुकलं तर चालेल आणि कुठे अजिबात नाही, एवढं यार्डेज बुकात (कोर्सच्या अंतरांच्या वहीत) टिपून घ्या.

आता नियमांचं. 2022 पासून हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो, जाहिरात करता येते. म्हणजे केवळ खर्च भागवायला प्रो होण्याची गरज उरलेली नाही. पण स्क्रॅच स्पर्धेत (जिथे हँडिकॅपची सूट नसते) 700 पाउंड किंवा 1,000 डॉलरच्या वरचं बक्षीस घेतलंत, हँडिकॅप स्पर्धेत रोख रक्कम घेतलीत, पैसे घेऊन शिकवलंत (काही अपवाद आहेत) किंवा व्यावसायिकांच्या संघटनेचे सदस्य झालात, तर हौशी दर्जा जातो. परत मिळवायला अर्ज करावा लागतो आणि थांबावंही लागतं.

म्हणूनच क्यू-स्कूल जिथे हौशी म्हणून खेळता येतं तिथे हौशी म्हणूनच खेळा. प्रवेशअर्जात "व्यावसायिक" अशी खूण करण्याआधी अटी दोनदा वाचा. अदिती अशोकने डिसेंबर 2015 मध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरचं क्यू-स्कूल हौशी असतानाच जिंकलं आणि 1 जानेवारी 2016 ला ती प्रो झाली. क्रम असाच हवा.

भारतात पुरुषांसाठी मुख्य दार पीजीटीआयचं (भारतातल्या व्यावसायिक टूरचं) क्यू-स्कूल. आधी प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी, आणि वरच्या क्रमांकांना पुढच्या मोसमाचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क. पण कार्ड म्हणजे पगार नव्हे. 36 होलनंतर साधारण पहिले 50 आणि बरोबरीतले पुढे जातात. बाकीचे प्रवास, हॉटेल, कॅडी, जेवण सगळं खिशातून भरून रिकाम्या हाताने घरी येतात. एका आठवड्याचा खर्च काढा, स्पर्धांच्या संख्येने गुणा आणि बक्षिसाचा एक रुपयाही धरू नका. एवढी रक्कम हाताशी नसेल तर आणखी एक वर्ष हौशी राहा. उधारीच्या पैशावर खेळणारा पाण्यावरून नको तो फटका मारतो.

क्यू-स्कूलच्या आठवड्यात फुकट जाणारे फटके आधी वाचवा. सकाळी बॅगेतले क्लब (खेळायच्या काठ्या) मोजा: 14 च्या वर एकही असेल तर चूक झालेल्या प्रत्येक होलला दोन फटके, राउंडला जास्तीत जास्त चार. टी-टाइमला पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर दोन फटके, त्याहून जास्त झाला तर बाद. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून चेंडू हरवल्याची शंका आली की प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारूनच पुढे निघा. राउंड संपल्यावर स्कोअरकार्डावरचा आकडा होलनिहाय मार्करशी (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याशी) ताडून पाहा: बेरीज समिती करते, पण एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिलंत तर बाद होता.