सकाळची नाडी : मोजावी कशी आणि तिची नोंद वाचावी कशी

विश्रांतीच्या वेळची नाडी मोजायची असेल, तर सकाळी जाग आल्यानंतरची आणि अंथरूण सोडण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली असते. चहा किंवा कॉफी, तंबाखू, मोबाइलवरची एखादी अस्वस्थ करणारी बातमी किंवा जिना चढून वर येणे, यांपैकी कशानेही नाडी वाढू शकते. गजराने दचकून जाग आली असेल, तर दोन-तीन मिनिटे स्वस्थ पडून राहावे. लघवीची घाई असेल, तर आधी जाऊन यावे आणि पाच मिनिटे पडून राहिल्यावरच मोजावे.

डावा तळहात वर करून हात सैल सोडावा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जे हाड लागते, त्याच्या आतल्या बाजूला आणि मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या शिरेसारख्या ताठ दोरीच्या बाहेर एक छोटी खोबण असते. तेथे उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण अंगठ्यातही ठोका जाणवतो आणि आपण स्वतःचाच अंगठा मोजत बसतो. बोटे फार दाबली तर ठोका नाहीसा होतो, म्हणून आधी थोडे दाबून मग हलके सोडत यावे. समोर सेकंदकाट्याचे घड्याळ ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे, आणि ज्या ठोक्याला वेळ सुरू केली, तो ‘शून्य’ धरावा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची पद्धत घाईच्या वेळी ठीक आहे; परंतु तीत एक ठोका चुकला की हिशेबात चार ठोके चुकतात.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही या कामाला चालतो. त्यावर दोन आकडे दिसतात: एक प्राणवायूचा आणि दुसरा नाडीचा. घाईत वाचताना त्यांची अदलाबदल होते, हे लक्षात ठेवावे. बोटे गार पडली असतील किंवा नखांना गडद नेलपॉलिश असेल, तर आकडा फसवा येऊ शकतो. मनगटावरचे स्मार्टवॉच त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह टिपते. पट्टा ढिला असला की तेही चुकते. साधन कोणतेही असो, रोज एकच वापरावे.

आता आकड्यांविषयी. प्रौढ व्यक्तीच्या विश्रांतीच्या नाडीसाठी मिनिटाला 60 ते 100 ठोके ही मर्यादा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. ती चुकीची नाही, पण ती इतकी रुंद आहे की एखाद्याची नाडी 62 वरून 84 वर गेली, तरी तो ‘नॉर्मल’च राहतो. म्हणून माझ्या मते सर्वांसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असणे अधिक मोलाचे आहे. तब्येत ठीक असताना सलग सात सकाळी नाडी मोजावी, आकडे चढत्या क्रमाने लावावेत आणि त्यांतला मधला घ्यावा. तो आपला मूळ आकडा. पुढे रोजची दोन-चार ठोक्यांची चढउतार मनावर घेऊ नये.

व्यायामाने हा आकडा खाली का येतो, ते समजून घेण्यासारखे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरवते. एका ठोक्याला 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर त्यासाठी 70 च्या आसपास ठोके लागतात. नियमित धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्याला 100 मिलिलिटर ढकलत असेल, तर तेच काम 50 ठोक्यांत होते. लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूंची नाडी चाळिशीत असते, ती यामुळेच. मी रोज 45 मिनिटे झपझप चालायला लागलो, तेव्हा माझा मूळ आकडा 79 होता आणि तीन महिन्यांनी तो 72 झाला. वजनकाट्याने त्या काळात फारसे काही दाखवले नव्हते.

मात्र संथ नाडी म्हणजे तंदुरुस्ती, असे समीकरण करू नये. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी असते. थायरॉइडचे कार्य मंदावले तरी ती कमी होते, आणि उतारवयात हृदयातील विद्युतसंदेशांच्या मार्गात अडथळा आल्यानेही होते.

वाढलेल्या नाडीची कारणे बरीच आहेत. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते. अपुरी झोप, आदल्या रात्रीचे मद्य, मे महिन्याच्या उन्हात शरीरातले कमी झालेले पाणी, यांनीही ती वाढते. गरोदरपणात ती वाढणे स्वाभाविक असते. आणि आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे असे कारण म्हणजे रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला होता. माझ्या आईची नाडी आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत असू. 74, 73, 75 असे चाललेले आकडे महिन्याभरात 80 ओलांडून 91 वर गेले. ‘वय झालं, दम लागणारच,’ असे ती म्हणत राहिली. तपासणीत हिमोग्लोबिन 8.2, म्हणजे बरेच कमी, निघाले.

मोजताना ठोक्यांच्या लयीकडेही लक्ष असू द्यावे. तरुणांमध्ये श्वास घेताना नाडी किंचित वेगाने आणि सोडताना किंचित संथ चालते, त्याची काळजी नको. परंतु ठोके कोणत्याही क्रमाशिवाय, कधी जवळजवळ तर कधी लांब पडत असतील, तर ईसीजी काढून घ्यावा. अशा अनियमिततेमागे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा विकार, असू शकतो आणि त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो.

विश्रांतीतही नाडी वारंवार 100 च्या वर जात असेल, नियमित व्यायाम नसताना 50 च्या खाली राहत असेल, किंवा मूळ आकड्यापेक्षा दहा ठोक्यांनी वाढून आठवडाभर तशीच टिकत असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि चालू औषधांच्या यादीसह ती नोंद त्यांच्यासमोर ठेवावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये. सोबत छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा धाप लागणे असेल, तर मोजत न बसता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.