घासात टकलं पडतायत? पाणी सोडण्याआधी मूळ चिरून बघा

कोजागिरी झाली की जनावरांच्या चाऱ्यासाठी लसूणघास पेरायची घाई सुरू होते. बरेच जण जुना घास मोडून त्याच वाफ्यात नवा टाकतात, कारण ते रान गोठ्याजवळ, विहिरीजवळ असतं. ठोंब वाळवून मारणाऱ्या मर रोगाचं फावतं ते इथेच. हा रोग आणणारी फ्युजेरियम ही बुरशी पीक मोडलं तरी जमिनीत कित्येक वर्षं तग धरून राहते.

उभ्या घासात आधी एखाददुसरा ठोंब एका अंगाने पिवळा पडतो. दुपारी मान टाकतो, सकाळी पुन्हा ताजा दिसतो. पाणी कमी पडलं असं वाटून आपण पाणी वाढवतो, वर युरिया फेकतो. ठोंब काही वाचत नाही, वाफ्यात टक्कल पडतं. त्यापेक्षा मान टाकलेला ठोंब मुळासकट उपटा आणि सोटमूळ विळ्याने उभं चिरा. आत तपकिरी-लालसर रेषा दिसल्या तर मर समजा. मूळ कुरतडलेलं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी शोधा. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर ती मूळकूज.

मर लागलेला ठोंब कुठल्याही औषधाने उठत नाही. शिवाय हा घास दर २१ ते २५ दिवसांनी कापून दुभत्या जनावरांपुढे जातो, तेव्हा बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी औषध ओतणं, मला तरी पटत नाही. रोगट ठोंब उपटून जाळा, उकिरड्यावर टाकू नका. कापणी चांगल्या वाफ्यांपासून सुरू करा, रोगट वाफे शेवटी घ्या आणि विळा धुऊन ठेवा. रोगट वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात उतरू देऊ नका.

यंदा नवा घास वेगळ्या, निचऱ्याच्या रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाका. राहुरी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण आपल्याकडे चांगला रुळला आहे. हेक्टरी २५ किलो बी, दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), मग १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांना नत्र देणारं जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण तीही बुरशीच. बी घेताना त्यात अमरवेलीचं, म्हणजे पिकावर चढून त्याचा रस शोषणाऱ्या वेलीचं बी नाही ना, हेही बघा. ती आली तर मर परवडली म्हणाल.

जुन्या रानात तीन-चार वर्षं मका, ज्वारी किंवा बाजरी घ्या.