५० एमएमची लेन्स घेताना: १.८, १.४ की १.२?

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सवर हात बसला की बहुतेकांची पुढची खरेदी ‘फिफ्टी’चीच, म्हणजे ५० एमएमच्या लेन्सचीच असते. लग्नाच्या हॉलमधला पिवळा उजेड असो की घरातल्या बारशाची गर्दी, १८-५५ची किट लेन्स ५५वर एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि तितका जास्त उजेड आत येतो). मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. उपाय म्हणून दुकानात जावं, तर एकाच कंपनीच्या दोन-तीन फिफ्टी समोर येतात आणि त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांना १.८ पुरते. पण कोणती १.८, आणि कोणी तिच्यापुढे जावं, हे क्रमाने बघू.

आधी आपली बॉडी बघा

क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान सेन्सर असलेल्यावर, ५०ची लेन्स ५०सारखी दिसत नाही. निकॉन-सोनीवर ती ७५च्या लेन्सएवढं जवळचं दाखवते, तर कॅननवर ८०च्या. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला हे झकास. पण आपल्याकडच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत चार माणसं फ्रेममध्ये बसवायची तर पाठ भिंतीला टेकते. अशांसाठी ३५ची लेन्स जास्त कामाची. निकॉनने २००९मध्ये ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स (डीएक्स म्हणजे निकॉनचा क्रॉप सेन्सर) आणली ती याचसाठी.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. किट लेन्सची झूम रिंग ३५वर आणून चिकटपट्टी लावा आणि काही दिवस तेवढ्यावरच फोटो काढा. मग ५०वर लावा. कुठे सारखं मागे सरकावं लागतंय, ते लगेच कळतं.

निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांनी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या मालकांनी) आणखी एक बघायचं. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, आणि जुन्या ५० एमएम एफ/१.८ ‘डी’ लेन्समध्येही नसते. दोन्ही एकत्र आले की ऑटोफोकस चालतच नाही. ‘डी’ स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. २०११ची ‘जी’ घ्या, तिच्यात मोटर आहे.

मग उजेडाचा हिशेब करा

१.८वरून १.४वर गेलं की फायदा साधारण दोन-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). म्हणजे जिथे १.८ला आयएसओ ३२०० लागतो, तिथे १.४ला २००० पुरतो. आजच्या सेन्सरवर हा फरक शोधावा लागतो. १.२वर गेलात तर एका स्टॉपहून थोडं जास्त मिळतं, पण त्यासाठी पैसे आणि वजन दोन्ही कैक पटींनी मोजायचे.

मागची पार्श्वभूमी धूसर होण्याचं, म्हणजे ब्लरचंही तसंच. फुल फ्रेमवर दीड मीटरवरून फोटो काढला, तर १.८ला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर खोली शार्प राहते, १.४ला साडेसात. तोच चेहरा ८० सेंटिमीटरवरून १.४वर टिपा: शार्प पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा उरतो. मान जराशी वळलेली असेल तर एक डोळा लखलखीत आणि दुसरा धूसर. लग्नात नवरीचे असे फोटो दिले तर अल्बम बघताना पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. त्यामुळे १.४ घेतलेले बरेच जण पोर्ट्रेट २ किंवा २.८वर काढताना दिसतात, आणि तिथवर १.८सुद्धा निवांत पोहोचते.

आता खरी तुलना

आकड्यांपेक्षा फोकसची मोटर, किती जवळून फोकस होतं आणि पूर्ण उघडी असताना लेन्स कशी वागते, हे महत्त्वाचं.

कॅननचं उदाहरण घ्या. ईएफ ५० एफ/१.४ यूएसएम १९९३ची (यूएसएम, एसटीएम ही कॅननच्या फोकस मोटरच्या प्रकारांची नावं). पूर्ण उघडल्यावर मऊ, थोडी धुकट दिसते. फोकस करताना पुढची नळी बाहेर येते आणि तिला धक्का लागला की यंत्रणा अडकते. जुन्या वापरणाऱ्यांमध्ये ही तक्रार प्रसिद्ध आहे. २०१५ची १.८ एसटीएम १६० ग्रॅमची, धातूच्या माउंटची (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याची), आणि ४५ऐवजी ३५ सेंटिमीटरवर फोकस करते. मला तर आज १.४ यूएसएम नवी घेण्याचं कारण दिसत नाही. १.४च हवी असेल तर सिग्माची २०१४ची आर्ट बघा, कडेपर्यंत शार्प. फक्त ती ८१५ ग्रॅमची आहे, दिवसभर गळ्यात अडकवून फिरायची तयारी ठेवा.

निकॉनच्या झेड माउंटवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, तर गणित उलटंच आहे. तिथे ५० एफ/१.८ ही वरच्या ‘एस’ श्रेणीतली लेन्स आहे आणि २०२४मध्ये आलेली १.४ त्या श्रेणीत नाही. दोन्हींचं वजन जवळपास सारखं, पण कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ चित्र १.८ देते. १.४ घ्यायची ती तिच्या मऊ ब्लरसाठी.

सोनीची एफई ५० एफ/१.८ हलकी आहे, पण फोकस करताना चाचपडते आणि आवाजही करते. पळणारी पोरं टिपायची असतील तर ५५ एफ/१.८ शोधा.

दुकानात काय तपासाल

आपली बॉडी आणि कार्ड घेऊन जा. लेन्स पूर्ण उघडा. काउंटरवर छापील खोका तिरका ठेवून मधल्या एका अक्षरावर फोकस करा, मग दुसरीकडे नेऊन पुन्हा त्याच अक्षरावर या. असं पाच-सहा वेळा. शार्प पट्टा दर वेळी त्याच अक्षरावर यायला हवा. डीएसएलआरवर तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्येही, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढा. दोन्हींत फरक पडला तर फोकस पुढे-मागे सरकतंय असं समजा. चकचकीत स्टीलच्या कडेला जांभळी-हिरवी किनार किती येते तेही झूम करून बघा.

दुकानदार यूव्ही फिल्टर गळ्यात मारायला बघेल. स्वस्त फिल्टरने रात्रीच्या दिव्यांची भुतं फोटोत उमटतात. त्यापेक्षा हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायचं आडोशाचं कडं, घ्या.

सेकंडहँड घेत असाल तर

मुंबईच्या फोर्टमध्ये किंवा ओळखीतून जुनी फिफ्टी चांगल्या भावात मिळून जाते. मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघा. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सना हे हमखास होतं. अपर्चरच्या (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल चमकत नाही ना, हेही पाहा. घरी आणल्यावर ती चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या मधूनमधून बदला.