सेइकोच्या ६२मास घड्याळाचं नवं रूप घेताना

पाण्यात घालायला जुनं डायव्हिंग घड्याळ घेऊ नका. मी घेतलं होतं. मुंबईच्या जुन्या बाजारात एकाने साठच्या दशकातलं म्हणून दिलं. तबकडी काळीभोर, नव्यासारखी. तरणतलावात तीन फेऱ्या झाल्या आणि काचेला आतून वाफ धरली. रत्नागिरीला बाबांकडे नेलं. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलाय. मागचं झाकण उघडून त्यांनी चिमट्याने रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी चकती, उचललं, तर त्याचे कडक शेवेसारखे तुकडे पडले. मग भिंग माझ्या हातात देऊन तबकडी दाखवली. खुणांच्या कडेवर ब्रशचा रंग चढला होता, अक्षरं जाड झाली होती. परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या तबकड्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हे नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: रूप जुनं हवं आणि पोहायचंही असेल, तर कंपनीने नव्याने काढलेली आवृत्तीच घ्यावी. पण ‘जुन्यावरून नवं’ म्हणजे नेमकं काय राखलं आणि काय बदललं, ते आधी बघा.

माझ्या हातावरचंच उदाहरण घेते. सेइको या जपानी कंपनीचं ६२मास १९६५ सालचं, जपानचं पहिलं डायव्हिंग घड्याळ. जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेवरही ते गेलं होतं. क्षमता १५० मीटर, आकार जेमतेम ३८ मिमी, चावी (वेळ लावायचं बाजूचं बटण) नुसती दाबून बसणारी. २०१७ मध्ये त्याची हुबेहूब आवृत्ती आली, मॉडेल क्रमांक एसएलए०१७: ३९.९ मिमी, फक्त २००० नग. त्याच वर्षी एसपीबी०५१ आलं, पण ते ४२.६ मिमी, म्हणजे अंगाने बरंच थोराड. २०२० चं एसपीबी१४३ मात्र ४०.५ मिमी, २०० मीटर, चावी फिरवून आवळायची. मी हेच घेतलं.

आकाराच्या बाबतीत लोक हमखास फसतात, कारण सगळे फक्त व्यास विचारतात. मनगटावर बसतं की नाही हे ठरतं पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. एसपीबी१४३ ची ही लांबी ४७.६ मिमी. माझ्या सव्वासहा इंची मनगटावर ते नीट बसतं, टोकं बाहेर येत नाहीत. घरीच पट्टीने मनगटाची वरची सपाट रुंदी मोजा आणि लांबी तिच्या आत बसते का बघा. दुकानात घालून बघाल तेव्हा आरशासमोर उभं राहा. फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत कुठलंही घड्याळ परातीएवढं दिसतं.

आता तबकडी वाचा. तिच्यावर ‘डायव्हर्स २०० मी’ असं असेल, तर ते डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहे: प्रत्येक नग लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली तपासलेला. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट ३० मी’ असेल, तर ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं.

मग बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं मिनिटांच्या खुणांचं कडं, फिरवा. ते एकाच बाजूला, डावीकडे, फिरलं पाहिजे. पाण्याखाली धक्का लागून सरकलं, तरी घड्याळ गेलेला वेळ जास्तच दाखवेल, कमी नाही; डायव्हर लवकर वर येईल, उशिरा नाही. बेझेलवरचा ठिपका बरोबर बाराच्या खुणेवर थांबतो का, हे पैसे देण्याआधी बघा. तिरका असेल तर दुसरा नग मागा, संकोच करू नका.

आपण सर्रास ज्याला ‘रेडियम’ म्हणतो ते आता रेडियम नसतं. उजेड साठवून चमकणारा, किरणोत्सर्ग नसलेला लेप असतो. काही नव्या आवृत्त्यांत तो मुद्दाम पिवळट दिसेल असा देतात, जुनेपणाचा भास व्हावा म्हणून. मला ते पटत नाही. पिवळेपणा घड्याळाला वयाने येऊ दे.

यंत्राकडून बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाइतक्या अचूकपणाची अपेक्षा ठेवू नका. एसपीबी१४३ मधल्या ६आर३५ या यंत्राला कंपनीच दिवसाला १५ सेकंद मागे ते २५ सेकंद पुढे इतकी सूट देते. पूर्ण चावी भरली की मात्र ते ७० तास चालतं: शुक्रवारी रात्री काढून ठेवलं, तरी सोमवारी सकाळी चालू सापडतं.

बिल, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख, आणि मागच्या झाकणावरचा क्रमांक कार्डाशी जुळवणं, एवढं न चुकता करा. सेइकोच्या क्रमांकातला पहिला आकडा बनावटीच्या वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. ‘नवा माल’ दुकानात किती दिवस पडून होता, ते तिथेच कळतं.

घरी आल्यावर रात्री नऊ ते एकच्या दरम्यान तारीख बदलू नका, तारीख फिरवणारे दाते तेव्हा एकमेकांत अडकलेले असतात. समुद्रात जाण्याआधी चावी आवळलीय का, हे बोटाने चाचपा. मी तारकर्लीला बोटीत बसतानाच चाचपते, मग उडी मारताना बेझेलचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणते. वर आल्यावर चावी न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत घड्याळ पाच मिनिटं बुडवून ठेवायचं आणि पाण्यातच बेझेल दोन फेरे फिरवायचं, म्हणजे खाली अडकलेली वाळू निघते.