ऑपेरात सोप्रानो म्हणून करिअर करायचंय? मग आधी रोल तयार ठेवा

मी गात नाही, पियानो वाजवतो. ऑडिशनला कोपऱ्यात बसून जो वाजवत असतो ना, तो मी. त्यामुळे ढिगाने सोप्रानो, म्हणजे बायकांमधल्या सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका, दहा-दहा मिनिटं ऐकून झाल्यात आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, ऑडिशनच्या रांगेत सगळ्यात जास्त गर्दी सोप्रानोंचीच असते. टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष गायक, शोधावे लागतात, सोप्रानो शोधाव्या लागत नाहीत. इतक्या असतात की नुसता चांगला आवाज ही काही विशेष गोष्ट राहतच नाही, तिथे आलेल्या बहुतेकींचा तो असतोच. काम मिळतं ते जिचे चार-पाच पूर्ण रोल खरंच तयार आहेत तिला, म्हणजे सकाळी फोन आला तर संध्याकाळी स्टेजवर उभी राहील इतके तयार.

न्यूझीलंडची सोप्रानो किरी ते कानावा, तिचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. १९७४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'ओथेल्लो'च्या दुपारच्या प्रयोगाला तेरेसा स्ट्रॅटस आजारी पडली आणि किरीला अगदी काही तास आधी सांगून डेस्डेमोना, म्हणजे नायिका म्हणून उभं केलं, प्रयोग रेडिओवर लाइव्ह होता, आणि ती गाजली. लोक म्हणतात नशीब. अहो पण तोच रोल ती त्याच हंगामात पुढच्या प्रयोगांत गाणारच होती की! रोल आधीच अंगात मुरलेला होता, फक्त तारीख अलीकडे आली.

मग पहिलं काम म्हणजे आपले रोल कोणते ते ठरवणं. जर्मन थिएटरात यासाठी 'फाख' हा शब्द आहे, म्हणजे आवाजाची जात म्हणा हवं तर. हलका चपळ आवाज असेल तर सूब्रेट, म्हणजे झेर्लिना, डेस्पिना. मग लिरिक, म्हणजे पामिना, मिमी. त्यापुढे स्पिंतो, म्हणजे आयडा वगैरे, आणि शेवटी ब्रुनहिल्डे, इझोल्डे गाणाऱ्या ड्रामॅटिक. कोलोरातुरा, म्हणजे खूप वरच्या पट्टीत झरझर ताना घेणारी, ती वेगळीच, 'मॅजिक फ्लूट'मधली रात्रीची राणी जो वरचा एफ गाते तिथे स्वरतंतू सेकंदाला साधारण १४०० वेळा हलतात, आणि समोर माइक नसतो हे विसरू नका. पण इथेच मुली फसतात. आवाज किती वर जातो ते बघू नका, कुठे मुक्काम करू शकतो ते बघा. एक वरचा सूर लागणं वेगळं आणि दोन-अडीच तास त्या पट्ट्यात राहून शेवटच्या अंकातही ताजं वाटणं वेगळं. मोत्सार्टच्या 'फिगारो'मधली सुझाना कागदावर हलका रोल वाटतो, पण ती बिचारी जवळजवळ अख्खा ऑपेरा स्टेजवरच असते.

आणि पंचविशीत तुम्हाला कोणी टोस्कासारखा जड, मोठ्या आवाजाचा रोल देऊ केला तर खूश होऊ नका, एक तर त्यांना दुसरं कोणी मिळालेलं नाही किंवा तुमच्या आवाजाशी त्यांना काही देणंघेणं नाही. प्रसिद्ध सोप्रानो मारिया कॅलासने १९४९ मध्ये व्हेनिसला ब्रुनहिल्डे गात असतानाच, दुसरी गायिका आजारी पडली म्हणून आठवडाभरात 'पुरितानी'मधली एल्विरा शिकून गायली. एक जड ड्रामॅटिक, दुसरा चपळ तानांचा, दोन टोकांचे रोल! थक्क व्हायला होतं, पण तीच कॅलास १९६५ मध्ये चाळिशीच्या सुरुवातीला ऑपेराच्या स्टेजवर शेवटची उभी राहिली. तिचा आवाज का गेला यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. एवढंच की तो किस्सा ऐकून आपणही करून बघू असं मनात आणू नका.

आता रोल तयार करायचा कसा. हे नीट सांगतो कारण बहुतेकजणी उलट्या बाजूने सुरू करतात, आधी रेकॉर्डिंग लावतात, मग आरिया, म्हणजे रोलमधली एकटीने गायची मोठी गाणी, पाठ करतात आणि म्हणतात झाला रोल. रेकॉर्डिंगवरून शिकलात की त्या बाईचे श्वास, तिच्या चुका, तिने घेतलेली सूट सगळं तुमच्याकडे येतं, आणि मी पियानोवर बसल्या बसल्या ओळखतो कुठलं रेकॉर्डिंग ते. आधी शब्द घ्या. इटालियन असो, जर्मन असो, फ्रेंच असो, प्रत्येक शब्दाचा अर्थ पेन्सिलने खाली लिहा, मग ताल धरून नुसतं बोला, सूर न लावता, चार दिवस बोललात तरी चालेल. मग सूर, तेही आधी अर्ध्या आवाजात. मग रेपेटितरकडे जा, म्हणजे माझ्यासारख्याकडे जो पियानोवर ऑर्केस्ट्रा वाजवतो आणि मधेमधे बाकीच्यांच्या ओळी वाईट आवाजात गातो. आणि आरिया सगळ्यात शेवटी! आयत्या वेळी बोलावलेली गायिका आरियात कधीच अडकत नाही, ती अडकते रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे बोलल्यासारख्या गायच्या संवादांत, आणि फिनालेमध्ये, म्हणजे अंकाच्या शेवटी सगळे मिळून गातात तिथे. 'फिगारो'च्या दुसऱ्या अंकाचा फिनाले सुमारे वीस मिनिटांचा आहे, एकामागून एक माणसं येत राहतात, तिथे आपली ओळ कोणाच्या कुठल्या शब्दानंतर येते हे माहीत नसेल तर देव पण वाचवू शकत नाही. म्हणून बाकीच्यांच्या ओळी पण पाठ करा.

एक छोटी गोष्ट, वरच्या पट्टीत तुमचे शब्द कळत नाहीत म्हणून कोणी रागावलं तर फार मनावर घेऊ नका. सूर इतका वर जातो की स्वराक्षराची स्वतःची जी घुमण्याची जागा असते तिच्याही वर, मग 'इ' आणि 'ए' सारखेच ऐकू येणार, त्याला इलाज नाही. जबडा मोकळा सोडा आणि व्यंजनं नीट टाका, बास.

ऑडिशनला पाच आरियांची यादी लागते, त्यात तीन-चार भाषा आणि एक तरी मोत्सार्ट हवा. पहिली आरिया तुम्ही निवडता, दुसरी ते मागतात, म्हणून यादीत शोभेला काही ठेवू नका, जे नकोसं वाटतं तेच नेमकं मागतात. नोटेशन फाइलमध्ये लावून द्या, पानं दोन्ही बाजूंनी, कट्स, म्हणजे गाळायचे भाग, ठळक मार्क केलेले, आणि ती चकचकीत प्लास्टिकची पाकिटं तर नकोच, दिव्याखाली मला काही दिसत नाही. लय सांगायची तर पहिली ओळ हळू गुणगुणून दाखवा. माझ्याकडे बघून चुटक्या वाजवणाऱ्या पण येतात, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

रस्ता साधारण असा असतो. कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं कॉलेज झालं की यंग आर्टिस्ट प्रोग्रॅम, म्हणजे ऑपेरा कंपन्यांचं नव्या गायकांसाठीचं प्रशिक्षण, जसं मेटचा (न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा) लिंडेमन, शिकागोचा रायन सेंटर, लंडनचा जेट पार्कर, म्युनिक आणि झुरिकचे ऑपेरा स्टुडिओ. बऱ्याच ठिकाणी वयाची अट तिशीच्या आसपास असते, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. स्पर्धा पण करा, नॉर्वेच्या सोप्रानो लीसे डेव्हिडसेनने २०१५ मध्ये ऑपेरालिया ही स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर तिचं नाव कुठल्या कुठे गेलं. पण बक्षीस मिळालं की लोक लगेच मोठे रोल घेऊन येतात, तेव्हा वरचा टोस्काचा पॅरा परत वाचा.

पुढे दोन वाटा. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास थिएटरं आहेत, तिथे 'फेस्ट' म्हणजे पगारी नोकरी मिळू शकते. दरमहा पगार, विमा, घर एका जागी. बदल्यात एकाच महिन्यात मोत्सार्ट, ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा) आणि शाळेच्या मुलांचा सकाळचा प्रयोग. आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं नसेल तर सुरुवातीच्या वर्षांत ते ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतात, त्यामुळे ऑक्टोबर महिना सगळेजण पोस्टाच्या डब्याकडे बघत काढतात. तरी मी म्हणेन पहिली दोन-तीन वर्षं ही वाट चांगली, कारण रोल गायला मिळतात, प्रेक्षकांसमोर, परत परत. दुसरी वाट फ्रीलान्स. तिथे पैसे बहुतेकदा प्रयोगाचे मिळतात, पाच-सहा आठवडे रिहर्सल करा आणि प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर हातात काही नाही. एजंट साधारण १० टक्के घेतो, राहणं आणि प्रवास बरेचदा तुमच्याच खिशातून. आलेला आकडा बघून नाचू नका, हे सगळं वजा करून मग बघा.

घशाचं थोडक्यात. गायकांना तपासणारा कान-नाक-घशाचा डॉक्टर आजारी पडायच्या आधी शोधून ठेवा आणि आवाज ठणठणीत असताना एकदा स्वरतंतूंचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करून घ्या, म्हणजे पुढे काही बिघडलं तर तुलना करायला काहीतरी असेल. सकाळी आवाज जड वाटत असेल तर ॲसिडिटी पण तपासा, छातीत जळजळ न होताही ती घशापर्यंत येते.

आणि मग एक दिवस फोन येतो. दक्षिण आफ्रिकेच्या सोप्रानो प्रिटी येंडेला २०१३ मध्ये असाच आला होता, मेटमध्ये आजारी गायिकेच्या जागी, पहिल्या एंट्रीलाच ती अडखळून पडली, उठली आणि पूर्ण रोल गायली. तर फोनवर आनंदाने किंचाळायच्या आधी विचारून घ्या: कट्स कुठले आहेत, कुठल्या भाषेत आहे, स्वरलिपीची कुठली आवृत्ती वापरताय, प्रॉडक्शनचा व्हिडिओ लगेच पाठवाल का, कंडक्टर दहा मिनिटं भेटेल का. आणि मुख्य म्हणजे अभिनय पण करायचाय की बाजूला स्टँडवर नोटेशन ठेवून फक्त गायचंय आणि दिग्दर्शकाचा असिस्टंट तुमच्या जागी स्टेजवर ओठ हलवणार आहे, कारण असंही सर्रास होतं. कपड्यांची मापं मेसेजमध्ये तयार ठेवा. आणि शूज स्वतःचे न्या, त्यांचे कधीच बसत नाहीत.